येसोबा नावाचा माझा पाटा

अहो,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. अडतीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आणि कालपासून तर अजिबात म्हणावंसं वाटत नाही. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत पत्र लिहिलं नाही, मग आजच का? तर काल सकाळी, पंचवीस माणसांच्या देखत, इंदापूरच्या वेशीवर मला माझा पाटा सापडला.

हो, तोच. आईचा. अकरा वर्षांपूर्वी घरातून नाहीसा झालेला.

तिकडे घाम फुटला असेल तर फुटू द्या. टॉवेल आणून द्यायला मी तिथे नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. जिवंतपणी तुम्ही माझं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही, ‘बरं बरं’ म्हणून चपला घालायचात. आता जाणार कुठे?

तर गेल्या आठवड्यात आपली सून अनघा म्हणाली, “आई, रविवारी इंदापूरला हेरिटेज वॉक आहे. मध्ययुगीन शहराची दोन तासांची पायी सफर. तुमचं नाव घातलंय.” मी म्हटलं, “अगं, त्या शहरात मी अडतीस वर्षं भाजी आणली. मला कोण काय दाखवणार?” ती म्हणाली, “निदान चालणं तरी होईल.” साखर वाढल्यापासून बारामतीच्या या घरात माझ्या पावलांवर सगळ्यांचा डोळा असतो.

रविवारी गाडी निघाली आणि इंदापूरचा रस्ता सोडून उलटी कोऱ्हाळ्याकडे वळली. तेव्हाच मला शंका आली. कोऱ्हाळ्याच्या फाट्यावर तुमची धाकटी बहीण उभी. कमलवन्सं. नवी कोरी चप्पल, हातात पिशवी. त्यांनी मागचं दार उघडलं, आत मला पाहिलं, दार लावलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. अनघा खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागली. कधी नव्हे तो तिला ऊस इतका आवडला.

इंदापूर येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. का, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तरी तुमच्या तोंडावर एकदा म्हणून दाखवते.

पळसदेवचं आमचं जुनं घर धरणाच्या पाण्यात जाणार हे ठरलं, तेव्हा आईने एका बैलगाडीत काय काय भरावं? पितळी हंडा राहू दिला, फळ्यांचं कपाट राहू दिलं, आणि पाटा-वरवंटा घेतला. बाबा चिडले होते म्हणे, की दगड तर सगळीकडे मिळतो. आई म्हणाली, “ह्यो सवयीचा हाय.” तोच पाटा तिने मला लग्नात दिला. पुढून टाकीचे बारीक बारीक घाव, आणि मागच्या बाजूला, वरच्या टोकाला, पाथरवटाने हौसेने कोरलेला एक मासा. डाव्या कोपऱ्याचा टवका मी लग्नाच्या पहिल्या वर्षी नारळ आपटून उडवला. त्यावरून सासूबाई आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

मग नातीच्या वेळी अनघाचं बाळंतपण करायला मी दीड महिना बारामतीला आले. मागे तुमच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून वन्सं येऊन राहिल्या. मी परत गेले तर न्हाणीघराच्या भिंतीला टेकवलेला पाटा गायब. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, “असंल कुठंतरी. आता मिक्सर हाय की.” बस्स. वर्तमानपत्र उघडलंत आणि पाटा हा विषय तुमच्यापुरता संपला.

माझा नाही संपला. घरात बाहेरचं कोण येऊन गेलं? वन्सं. पाट्यावरच्या चटणीचं कौतुक सगळ्यात जास्त कोण करायचं? वन्सं. भाऊबीजेला त्या ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या, तुम्ही टोपी घालून समोर बसला होतात, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, “वन्सं, पाटा नेला तर नेला, सांगून तरी न्यायचा होता.”

तेव्हा तुमच्या कपाळावर ओलं कुंकू होतं. तुम्ही मांडीवर पडलेला अक्षतांचा एक दाणा उचललात आणि तो निरखत बसलात. शेताच्या बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असताना त्यांच्या मधोमध साखळी टाकणारा तुम्ही मोजणीदार माणूस. घरात दोन बायकांच्या मधे उभं राहायला मात्र तुमचे पाय लटपटले.

त्या दिवसापासून वन्संनी आपल्या घराची पायरी चढली नाही. तुम्हीच दरवर्षी भाऊबीजेला कोऱ्हाळ्याला जायचात. तुमच्या दहाव्याला त्या आल्या, तेव्हाही मी त्यांना ‘जेवलात का’ म्हणून विचारलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

असो. सफर.

सायली नावाची मुलगी आम्हाला फिरवणार होती. इतिहास शिकते. डोक्यावर कापडी टोपी, कमरेला छोटा स्पीकर, गालाजवळ माइक. आम्हा सगळ्यांच्या छातीवर तिने नावाची चिकटपट्टी लावली. जिथे मला बघून अजूनही माझ्या शाळेतले चार जुने विद्यार्थी विडी लपवतात, त्या पेठेत मी ‘विमल’ अशी चिठ्ठी लावून हिंडले.

पहिला थांबा बारव. सायली म्हणाली, “हे मध्ययुगीन जलव्यवस्थापन बघा.” मी बघितलं. लग्नानंतर दोन उन्हाळे मी त्याच पायऱ्यांवरून कळशी भरून वर आले होते. तेव्हा हे व्यवस्थापन आहे असं कुणी सांगितलं असतं तर कंबर कमी दुखली असती का, कोण जाणे. मग देवळाच्या मागचा बुरूज, मग पेठ. तिथे एका घरापुढे थांबून ती म्हणाली, “या पायरीचा दगड बघा. हा मूळ वेशीचा आहे. गावकऱ्यांनी वेशीचे घडीव दगड असे घराघरांत नेले.” घरमालक ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याने सावकाश पायातल्या चपला काढल्या आणि त्या दगडावर पसरून ठेवल्या.

तुम्ही असतात तर तिथेच भांडण काढलं असतंत. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी वेस बघावी लागायची. माझा भाऊ तर पुढे पुढे चहा पिऊनच यायचा. “गेल्या महिन्यात सात थर होते, आज सहा हायेत,” असं म्हणत घरी येऊन तुम्ही न जेवता बसायचात. लोक दगड काढतात, उरलेल्या भिंतीशी उकिरडा करतात, पुरुष तिथे उभे राहतात. तुम्ही अर्ज केलेत, पाटी लावलीत. पाटीच्या आडोशाला तर त्यांची आणखीच सोय झाली. हे सगळं तुम्ही मला जेवताना सांगायचात, म्हणून मी फार लक्ष देत नसे. तिथे चूक माझी.

सायलीच्या हातात एक झेरॉक्स केलेली वही होती. अक्षर लांबूनच ओळखलं. तुमची वही. तुम्ही गेल्यावर अनघाने कॉलेजच्या वाचनालयाला दिली होती ती. “पेठेपासून वेशीपर्यंत चारशे बारा पावलं,” सायली वाचत होती, “असं एका स्थानिक मोजणीदारांनी नोंदवून ठेवलंय. आज आपल्याला जी काही माहिती आहे ती बहुतेक त्यांची.” मी मनातल्या मनात पावलं मोजायला लागले. पुढे चालणाऱ्या वन्संनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. आणि खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. मनात म्हटलं, पाटा नेला आणि आता रडते.

मग आलो वेशीपाशी.

सहाच्या सहा थर आहेत अजून, काळजी करू नका. आजूबाजूला सडा घातलेला, रांगोळी काढलेली. आणि भिंतीच्या हातभर पुढे तो शेंदराचा दगड. तुमच्या शेवटच्या वर्षांत तिथून जाताना मीसुद्धा त्याला हात जोडलेत. एकदा तुमच्या गुडघ्यासाठी नारळही बोलले होते. तुम्ही तेव्हा जोरजोरात खोकायला लागला होतात. आता कळलं कशाने.

“हा आपल्या सफरीतला शेवटचा आणि सगळ्यात गूढ टप्पा,” सायली म्हणाली. “गेल्या उन्हाळ्यात या दगडावरची शेंदराची जाड खोळ आपोआप गळून पडली आणि आतून हे कोरीवकाम निघालं. मागे मासा आहे. एखाद्या घराण्याची निशाणी असेल का? आणि समोर हे बारीक घाव एका ओळीत आहेत. कदाचित ही लिपी असावी. अजून कुणाला वाचता आलेली नाही. गंमत म्हणजे वहीत प्रत्येक दगडाचं माप आहे, पण याच्याबद्दल एक शब्दसुद्धा नाही.”

मी चष्मा पुसला, पुढे झाले. निम्मा जमिनीत, निम्मा वर. डाव्या कोपऱ्याला टवका. मासा. घाव.

लिपी मला वाचता आली. लसणाची चटणी, असं लिहिलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई पळी-पंचपात्र घेऊन आली. वन्संच्या वयाची असेल. सायलीने तिला विचारलं, “मावशी, या देवाचं नाव काय?”

“येसोबा. येशीवरचा म्हणून येसोबा,” ती म्हणाली. “लई कडक हाय. ह्येच्यापुढं कुणी थुकत सुदीक न्हाय. एकानं भिंतीचा दगड काढाया पहार घातली, तर त्येचा हातच धरला.”

“देवाने?”

“न्हाय, माझ्या मालकानं. पर येसोबाच्या जिवावर.”

“आणि नैवेद्य काय असतो?”

“मीठ, मिरची आन् खोबऱ्याची वाटी. का ते ठावं न्हाय, पर पहिल्यापास्नं ह्येच मानवतं त्येला.”

मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. पंचवीस माणसं बघताहेत, अनघा पाण्याची बाटली पुढे करते आहे, आणि मी तोंडात पदर कोंबून हसते आहे. सायली बिचारी गोंधळली. म्हणाली, “आजी, तुम्हाला काही माहिती आहे का या दगडाबद्दल?”

सगळे माझ्याकडे वळले. माझं हसू थांबलं.

चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. चुकीचं उत्तर मी कुणाचं खपवून घेतलं नाही, तपासणीला आलेल्या साहेबांचंसुद्धा नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं: पोरी, हा माझा पाटा आहे. आणि तो हक्काने उपटून गाडीत घालून नेता आला असता. आईच्या घरातली वस्तू म्हणून माझ्याकडे दुसरं काहीही नाही, बाकीचं सगळं गाव पाण्याखाली आहे. पण मग उद्या सकाळी त्या भिंतीशी उकिरडा, आणि दिवाळीपर्यंत पाच थर.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. वन्सं होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला होता. कोपर नुसतं दाबून धरलं. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि एका क्षणात सगळं लक्षात आलं. त्यांना माहीत होतं.

“हा मासा पळसदेवकडचा आहे,” मी सायलीला सांगितलं. “तिकडचे पाथरवट असा कोरायचे. बाकीचं मला नाही सांगता येणार.”

तिने आनंदाने वहीत लिहून घेतलं. यात खोटं काय बोलले मी? ‘सांगता येणार नाही’ हे तर शंभर टक्के खरं होतं.

सफर संपली. लोक टाळ्या वाजवून फोटो काढायला लागले. आम्ही दोघी वेशीच्या सावलीत दगडावर बसलो. कोण आधी बोलणार? शेवटी मीच विचारलं, “वन्सं, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

“रोवला त्या दिवसापास्नं. पहार मीच धरली व्हती,” वन्सं म्हणाल्या. “दादानं आधी दोनदा साधा दगड शेंदूर लावून ठिवला. एक कुणीतरी धुणं धुवाया नेला, दुसऱ्याला टेकून लोकं सायकली लावाया लागली. मग दादा म्हणला, वापरातला दगड पायजे, हात फिरलेला. विमलच्या पाट्याइतका देखणा दगड सगळ्या इंदापुरात न्हाय.”

“असं म्हणाले?”

“व्हय. नावानिशी म्हणला.”

अहो, हे मला सांगायला काय झालं होतं? अडतीस वर्षांत ‘अगं’ आणि ‘मास्तरीणबाई’ सोडून तिसरी हाक मारली नाहीत, आणि माझं नाव घेतलंत ते माझ्या मागे, माझाच पाटा पळवताना.

“मग मी तुमच्यावर आळ घेतला तेव्हा बोलला का नाहीत?” मी विचारलं.

वन्संनी नव्या चपलेची पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, “तुमी रागानं आत गेलात, तवा दादा माझ्या मागं दारात आला. म्हणला, कमे, दरवर्सी मी ओवाळणी घालतो, ह्या वर्सी तू घाल. गप ऱ्हा. विमलला कळलं तर ती आजच्या आज जाऊन उपटून आणील, आन् वेस जाईल. मी म्हणलं, बरं.”

“अकरा वर्षं?”

“ओवाळणी कुणी परत मागतं व्हय, वहिनी?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संन्याशीण समोर बसलेली, आणि चोर तुम्ही, वर जाऊन निवांत. मी कपाळावर हात मारून घेतला. तर वन्संच हसायला लागल्या. “पर तुमी मास्तरीण आसून एवढं कसं न्हाय कळलं? पाटा चोरणारा वरवंटा ठिवून जातो व्हय? अर्धीच चोरी करून मी काय करणार व्हते?”

खरंच की हो! वरवंटा आजही बारामतीला माझ्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो. रोज पायाला लागतो. हा प्रश्न अकरा वर्षांत मला एकदाही पडला नाही. आणि दुसराही पडला नाही, की घरात मिक्सर आल्यापासून दोन वर्षं मी त्या पाट्याला हातही लावला नव्हता. मग भांडले कशासाठी? त्यावर आईचा हात फिरला होता म्हणून. हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, “दादालाबी ठावं व्हतं. रोवताना पाया पडला तो पाट्याच्या. मी म्हणलं, अजून देव झाला न्हाय तो. तर म्हणला, सासूबाईंची माफी मागतोय.”

सासूबाईंची मागितलीत. बायकोची राहून गेली. आणि बहिणीची?

उठताना वन्संनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. त्यात कुंकू, अक्षता, फुलवात. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, “पिशवीतच पडून असतं. भाऊ नसला की लोकं चंद्राला ओवाळतात. मी भाऊबीजेला यष्टीनं हितं येते. चार वर्सं झाली. ह्योच माझा दादा.”

मी तिथे रडले. अनघाला वाटलं साखर कमी झाली, तिने तोंडात पेढा घातला. दोन वर्षांनी पेढा खाल्ला, तो असा.

येताना आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. वन्संना मी कोऱ्हाळ्याला सोडू दिलं नाही, घरी घेऊन आले. आत्ता त्या स्वयंपाकघरात आहेत. अनघाला सांगताहेत की मिक्सरमधली चटणी गरम होते आणि मरते. मी काही बोलत नाही. अकरा वर्षांचं बोलणं साचलंय त्यांचं, होऊ दे.

तर आता माझा शब्द ऐका. पाटा मी परत मागणार नाही. आईने तो पाण्यातून वाचवला, तुम्ही त्याच्याकडून वेस वाचवलीत, आणि तो आता देव झालाय. देवाला घरी आणून चटणी वाटणं बरं दिसत नाही. सायलीलाही काही सांगणार नाही. निदान ते सहा थर सिमेंटने पक्के होईपर्यंत तरी.

पण भाऊबीजेची तुमची बाजू आता मी बघणार. या दिवाळीला वन्संबरोबर मी वेशीवर येईन. त्या येसोबाला ओवाळतील. दगड काही ओवाळणी घालत नाही, म्हणून ताटात ती मी घालणार आहे: आईचा वरवंटा. चोरीचा आळ त्यांच्यावर पाट्याचा आला, निदान वरवंटा तरी माझ्या हाताने, सगळ्यांदेखत, त्यांच्या घरी जाऊ दे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. फक्त ओवाळायला या वर्षी ताट आणू नका, परात आणा, एवढंच सांगून ठेवलंय.

तुमची मास्तरीणबाई,

विमल